एक माणूस, सात नावं

आमच्या साताऱ्याच्या घरी काकांना कोणी बंडू म्हणायचं, कोणी अण्णा, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच नाव, आणि तरी पोस्टमन तिन्ही नावांची पत्रं बरोब्बर त्यांच्याच हातात द्यायचा. मला वाटलं ईमेल एलियस म्हणजे एवढंच तर आहे!

भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स नावाचं मेल पोचवणारं सॉफ्टवेअर टाकून घरातल्या सगळ्यांचे मेल मी स्वतः चालवतो (का चालवतो हे बायको दर महिन्याला विचारते, ते सोडा). म्हटलं वीजबिलाला एक पत्ता, सोसायटीला एक, शॉपिंगला एक, सगळं येणार माझ्याच डब्यात, आणि स्पॅम आला की कोणी पत्ता विकला ते लगेच कळणार. व्हर्च्युअल नावाच्या फाइलमध्ये डावीकडे नवा पत्ता, उजवीकडे माझा खरा, सेव्ह, आणि मग न्यूअलायसेस ही कमांड. काही एरर नाही. खूश.

टेस्ट मेल पाठवला तर ५५० ५.१.१, यूजर अननोन. अरे, मीच तो यूजर! मग एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ही नोंद) बघितला, फायरवॉल बघितली, सर्व्हर तीनदा रीस्टार्ट केला, चहा झाला, रात्रीचा दीड वाजला, आणि शेवटी लॉग उघडला तर तिथे शांतपणे लिहिलेलं की बाबा रे, तुझी डीबी, म्हणजे डेटाबेस फाइल मूळ फाइलपेक्षा जुनी आहे. म्हणजे पोस्टफिक्स माझी फाइल वाचतच नव्हता, तिच्यावरून बनवलेली जुनी डीबी वाचत होता. न्यूअलायसेस फक्त दुसऱ्याच, एलियसेस नावाच्या फाइलची डीबी बनवते. व्हर्च्युअलला पोस्टमॅप ही वेगळी कमांड लागते. एक शब्द, चार तास.

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण अंगात आलेलं, म्हणून झोपायच्या आधी एक कॅच-ऑल ओळ टाकली. नुसतं ॲट आणि डोमेन, म्हणजे कुठल्याही नावाने मेल येऊ दे, येईल माझ्याकडेच.

आला. सगळ्यांचाच आला. सकाळी बायको ओरडतेय, "अरे, ओटीपी येत नाहीये!" आणि तो ओटीपी माझ्या इनबॉक्समध्ये, त्याच्याखाली सासऱ्यांच्या पेन्शनर मित्रमंडळाचे अकरा सुविचार, त्याखाली इन्फो आणि सेल्सच्या नावाने आलेलं जगभरातलं भंगार. झालं असं की पोस्टफिक्स आधी एलियस बघतो, डबा नंतर. कॅच-ऑल असेल तर ज्यांचे खरे डबे आहेत त्यांच्यासाठीही ओळ लागते, पत्त्यासमोर तोच पत्ता.

ओळी टाकल्या, या वेळी पोस्टमॅपसकट, आणि सासऱ्यांना फोन केला.

"बाबा, झालं दुरुस्त. आता तुमच्या नावापुढे तुमचंच नाव आहे."

"मग आधी कोणाचं होतं?"

"माझं."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.