पाण्यात पाहणं

सध्या मी रोज सकाळी उठून पाण्यात पाहतो. सुरुवातीला शब्दशः पाहायचो. झाडं लावल्यापासून वाक्प्रचारातल्या अर्थानेही पाहायला लागलोय.

दोन फुटी काचेची टाकी, साठेक लिटर पाणी, तळाला वाळू, फिल्टर, हीटर, दिवा, आणि मासे शून्य. का, तर टाकी ‘सायकल’ होतेय. आईला हे सांगितलं तेव्हा तिने आधी टाकीकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी दहावीच्या निकालानंतर प्रथमच पाहिली. मग समजावून सांगितलं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, ते विष. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते माशांना बऱ्यापैकी सोसतं. या मंडळींचा संसार फिल्टरच्या स्पंजात थाटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर त्यांच्या पोटापाण्यासाठी मी बाटलीतला अमोनिया थेंब मोजून टाकतो.

“म्हणजे तू विकतचं विष रिकाम्या टाकीत घालतोस?”

“हो.”

“आणि ते संपलं की तुला आनंद होतो?”

यापुढे मी बोललो नाही.

तेवढ्यात एका अनुभवी मित्राने सल्ला दिला: जिवंत झाडं लाव, ती अमोनिया शोषून घेतात, सगळं सोपं होतं. सल्ला खरा होता. फक्त ‘लाव’ या क्रियापदात काय काय दडलंय, ते त्याने सांगितलं नाही.

छोट्या जाळीदार कुंडीतून रोप काढलं की मुळांना रॉकवूल नावाची लोकर चिकटलेली असते. ती काढताना मुळं निघतात, लोकर राहते. मग रोप चिमट्यात धरून वाळूत रोवायचं. हात बाहेर काढला की ते शांतपणे वर येऊन तरंगतं. आर्किमिडीज ‘युरेका’ म्हणत धावत सुटला, कारण त्याला फक्त मुकुटाचं सोनं तपासायचं होतं. वॅलिस्नेरिया नावाचं हे रोप लावायचं असतं तर वेगळंच काहीतरी ओरडला असता. एका रोपाला मी सतरा वेळा गाडलं. अठराव्या वेळी ते राहिलं, पण शेजारची दोन वर आली. पाणी निम्मं काढून, रोप तिरकं खुपसून, मग हलकेच वर ओढायचं, ही युक्ती मला सगळं संपल्यावर कळली.

जावा फर्न आणि अनुबियास मात्र पहिल्या फटक्यात घट्ट बसले. छाती फुगली. दुसऱ्या दिवशी कळलं की या दोघांचं जाडजूड आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. त्यांना दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं असतं. अनुबियासचं नाव अनुबिस या प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या देवावरून पडलंय. नावातच इशारा होता, मीच वाचला नाही. दोघांना उकरून काढताना वॅलिस्नेरिया पुन्हा वर आलं, हे सांगायला नकोच.

हॉर्नवर्टला मुळंच नसतात, ते नुसतं सोडून द्यायचं. मला तेवढं एकच झाड आवडतं.

आठवड्याभरात क्रिप्टोकोराइनची पानं विरघळायला लागली. वाळली नाहीत, विरघळली, शेंबडासारखी. रोपवाटिकेत या झाडांची पानं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात आल्यावर ती पानं झाड टाकून देतं आणि नवी, पाण्यात राहू शकणारी काढतं. मुळं जिवंत असतात, उपटायचं नाही, धीर धरायचा. गोम एवढीच की कुजणारी पानं अमोनिया सोडतात. अमोनिया खायला आणलेली झाडं अमोनिया बनवत बसली! रोज कात्री घेऊन मेलेली पानं काढणं हा माझा नवा उद्योग.

शिवाय चाचणी. नळीत पाणी, त्यात थेंब; पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. पिवळं आणि हिरवं यांच्या मधे मी खिडकीपाशी उभा. शेवटी बायकोला बोलावलं. “पोपटी आहे,” ती म्हणाली, “पण तुला सांगून काय उपयोग? साडी घेताना तुला सगळे हिरवे सारखेच दिसतात.”

त्यात हिशेब लागेना. नायट्रेट दिसलं की सायकल जमत आली म्हणायचं. पण झाडं नायट्रेटही खातात. मग नायट्रेट शून्य म्हणजे जीवाणू अजून आलेच नाहीत, की आले, कामाला लागले आणि झाडांनी त्यांचं काम गिळून पुरावा नष्ट केला? ताट एक, जेवणारे दोन आणि दोघेही मुके. अखेर ठरवलं, चोर कोण ते विचारायचंच नाही. लिटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने अमोनिया घालायचा. चोवीस तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, की टाकी तयार.

दरम्यान काचेवर एक ठिपका सरकताना दिसला. गोगलगाय. पानाखाली चिकटलेल्या अंड्यांतून ती फुकट आली होती. शास्त्रज्ञ तिच्या वर्गाला गॅस्ट्रोपॉड म्हणतात. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, पॉड म्हणजे पाय. गोगलगाय नि पोटात पाय! म्हण आमची, शिक्का त्यांचा.

मी तिला काढायला हात घातला, तर आई ओरडली. महिनाभर मला नावं ठेवणाऱ्या आईने तिचं नाव ठेवलं होतं: गंगू. टाकीत अखेर काहीतरी हलत होतं, त्यामुळे आई खुर्ची ओढून समोर बसायला लागली.

परवा सहाव्या आठवड्यात दोन्ही नळ्यांनी शून्य दाखवलं. बायकोच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली. “उद्या मासे आणतो!” मी जाहीर केलं.

“गंगूला त्रास नाही ना देणार ते?” आई म्हणाली.

मी टाकीत वाकून पाहिलं. गंगू एकाच वेळी चार ठिकाणी होती.