आमचं घर सॅम्पलमध्ये लागलं

गळ्यात आयकार्ड अडकवलेला माणूस दारात दिसला की इंदूरमध्ये कुणीही आधी कचऱ्याच्या डब्यांकडे बघतं, ओला सुक्यात तर गेला नाही ना. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवायचा तर एवढा धाक राहणारच. पण हा पोरगा डब्यांकडे बघेचना. "आंटी, घरखर्च का सर्वे है, आपका घर सॅम्पल में आया है," म्हणाला आणि आमचे सासरे, अप्पा, असे खूश झाले जणू प्लॉटच्या सोडतीत नाव निघालं. सासूबाई मात्र आत जाऊन कपाटाला किल्ली लावून आल्या. इन्कम टॅक्सवाले हल्ली असेच साध्या कपड्यांत येतात म्हणे.

ही गोष्ट 2023-24 ची. देशभरातून अडीच लाखांवर घरं निवडली होती, म्हणजे ढोबळ हिशेबाने एकेका घराच्या डोक्यावर हजारेक घरांचा भार. माझा भाचा बी.एस्सी. करतोय, त्याने अप्पांना समजावलं की असा निवडक घरांवरून काढलेला आकडा तो स्टॅटिस्टिक, आणि सगळ्या देशाचा खराखुरा आकडा तो पॅरामीटर, तो कुणालाच नक्की ठाऊक नसतो म्हणून तर हा खटाटोप. अप्पांना काही पटलं नाही. त्यांच्या लेखी स्टॅटिस्टिक म्हणजे वादात फेकायचा आकडा, आणि तो कायम नव्वद टक्केच असतो. नव्वद टक्के लोक हेल्मेट घालत नाहीत, नव्वद टक्के दुधात पाणी, नव्वद टक्के सुना चहा पातळ करतात (इथे सॅम्पल एकच, समोर बसलेली).

प्रश्न भयंकर बारीक. काही गोष्टी मागच्या सात दिवसांच्या, काही तीस दिवसांच्या, कपडे-चपला वर्षभराच्या. आता वर्षात चपलांवर किती गेले हे कुणाला आठवतं, आणि आठवलं तरी नवऱ्यासमोर कोण सांगेल? शेवेवर तर गाडी अडलीच, कारण आमच्याकडे शेव पोह्यांवर पडते, भाजीत पडते, वरणभातावर पडते, काहीच नसलं तर नुसतीच. सासूबाई म्हणाल्या दीड किलो लिखो, अप्पा म्हणाले अरे लोग क्या कहेंगे, आधा लिखो.

मग आलं बाहेरचं खाणं. अप्पा शुगरमुळे रोज सकाळी फिरायला जातात. "बाहर का नाश्ता?" "कुछ नहीं," अप्पा ठामपणे म्हणाले, आणि मिशीच्या टोकाला पोह्यांवर भुरभुरतात ते मसालेदार जिरावण चिकटलेलं. सासूबाईंनी ते बोटाने टिपून त्या पोराच्या नाकासमोर धरलं. "पोहे लिखो. और ये अकेले पोहे नहीं खाते, जलेबी भी लिखो!" अप्पांनी पोहे कबूल केले, जलेबीवर मात्र शेवटपर्यंत अडून बसले, त्यामुळे ती लिहिली गेलीच नाही. म्हणजे सरकारी हिशेबाने हजारेक घरं सकाळी पोहे खातात आणि जलेबीला हात लावत नाहीत! यावरून कुणी देशाचं नियोजन करणार असेल तर देव त्याचं भलं करो.

शेजारच्या काकू वेगळ्याच कारणाने फुगल्या. "तुमच्याकडेच का आला? आमच्याकडे काय खर्च होत नाही?" म्हटलं काकू, रँडम निवडतात हो. "रँडम म्हणजे ओळखीचं असणार कुणीतरी."

तो पोरगा वेगवेगळ्या महिन्यांत मिळून तीनदा आला, शेवटच्या खेपेला सासूबाईंनी त्याला पुरणपोळी वाढली आणि वर म्हणाल्या, अब ये भी लिखो, मेहमान का खर्चा.

डिसेंबर 2024 मध्ये आकडे आले. देशभरातल्या शहरांत माणशी महिन्याला सरासरी 6,996 रुपये खर्च. अप्पांनी कॅल्क्युलेटर काढून पाचाने गुणलं, 34,980, आणि आपण देशाच्या बरोबर चाललोय म्हणून मान डोलावली. सासूबाई भाजी निवडत होत्या. "माणशी म्हणजे त्यात मी पण आले ना?"

"आलीस की."

"मग माझे 6,996 कुठंयत?"

भाचा सरासरी समजावायला पुढे सरसावला, त्याला गवारीच्या शेंगा मोडायला बसवलं. तेव्हापासून अप्पा एक तारखेला निमूटपणे दोन हजार काढून देतात. बाकीची थकबाकी सासूबाई कॅलेंडरमागे लिहून ठेवतायत.