नकार आणि गैरहजेरी

सप्टेंबर २००८ च्या पहिल्या आठवड्यात, अणुइंधन आणि अणुतंत्रज्ञान यांच्या निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या अणुपुरवठादार गटाच्या पंचेचाळीस देशांचे प्रतिनिधी व्हिएन्नात बसून भारताला अणुव्यापाराची सवलत द्यावी की नाही याचा खल करीत होते, आणि मी त्याच शहरात, नोकरीच्या दुसऱ्या वर्षात, दोन्ही बाजूंचे टोमणे ऐकत होतो. अमेरिका, रशिया, फ्रान्स आणि ब्रिटन राजी होते. अडून बसले होते ते ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांच्यासारखे छोटे देश. पुण्याहून रोज रात्री फोन यायचा आणि प्रश्न एकच असायचा, की एवढासा ऑस्ट्रिया, त्याने आपल्याला शहाणपण शिकवावे कशाच्या जोरावर? कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत तोच प्रश्न उलटा होऊन यायचा: ज्या देशाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर कधी सहीच केली नाही, त्याला सही करणाऱ्यांचे लाभ का द्यायचे? शेवटी ६ सप्टेंबरला सवलत मिळाली. घरचे खूश झाले, कार्यालयातले लोक गप्प झाले, आणि मी दोघांनाही धड उत्तर दिले नव्हते, ही बोच राहिली.

‘कशाच्या जोरावर’ याचे उत्तर मला माझ्या शेजारीणबाईंनी दिले. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. व्हिएन्नापासून थोड्या अंतरावर, डॅन्यूबच्या काठी, त्स्वेन्टेनडॉर्फ येथे ऑस्ट्रियाने सत्तरच्या दशकात एक अणुवीज प्रकल्प पूर्ण बांधला, आणि तो सुरू करायचा की नाही हे ठरवण्यासाठी ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सार्वमत घेतले. ५०.४७ टक्के मतदारांनी नकार दिला. बांधून तयार असलेली अणुभट्टी एक दिवसही चालली नाही. या बाई त्या ५०.४७ टक्क्यांतल्या. पुढे १९८६ मध्ये चेर्नोबिलचे किरणोत्सारी ढग या देशावरून गेले तेव्हा आपण बरोबर होतो असे लोकांना वाटले, आणि १९९९ मध्ये अण्वस्त्रे आणि अणुवीज या दोहोंवरची बंदी थेट घटनात्मक कायद्यात गेली. निःशस्त्रीकरण हा इथे परराष्ट्र खात्याचा विषय नाही, घराघरातला आहे. ऑस्ट्रिया २००८ मध्ये अडून बसला तो या जोरावर.

अर्थात या सोवळेपणाला मर्यादा आहेत आणि त्या मी बाईंना सांगत आलो आहे. ऑस्ट्रिया तटस्थ असला तरी त्याच्या बहुतेक सीमा नाटोच्या सदस्यांना लागून आहेत, आणि दक्षिणेकडे, सीमेपासून फारशा दूर नसलेल्या इटलीतल्या आव्हियानो तळावर अमेरिकी अणुबाँब असल्याचे मानले जाते. ज्याच्या चारी बाजूंना दुसऱ्यांचे छत्र आहे, त्याने आपल्याला छत्रीची गरज नाही असे सांगणे सोपे असते. भारताच्या एका सीमेपलीकडे १९६४ पासून अण्वस्त्रे आहेत, दुसऱ्या सीमेपलीकडे १९९८ पासून उघडपणे आहेत, आणि साठच्या दशकात भारताने मोठ्या सत्तांकडे सुरक्षेची हमी मागून पाहिली तेव्हा ती मिळाली नाही. हा इतिहास इथे कुणालाच ठाऊक नसतो. बाईंनाही नव्हता, त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘मग तुम्ही हे इथे येऊन का सांगत नाही?’

या प्रश्नाचा रोख तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. तो कळायला काही वर्षे लागली.

भारताची मूळ भूमिका पोकळ नाही, आणि परदेशात राहून ती मला अधिक पटत गेली. मार्च १९५४ मधल्या अमेरिकेच्या बिकिनी बेटांवरच्या हायड्रोजन बाँब चाचणीनंतर महिनाभरात, २ एप्रिल रोजी, नेहरूंनी लोकसभेत सर्व अणुचाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा कोणत्याही मोठ्या सत्तेने तो मांडला नव्हता. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारावर आपण आरंभीच सही केली. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला मात्र नकार दिला, कारण त्या कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणारे ते अण्वस्त्रधारी आणि बाकीचे सारे कायमचे बिगर अण्वस्त्रधारी, अशी जगाची वाटणी केली. एका तारखेवरून राष्ट्रांची जात ठरवणारा करार, असे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा त्यांनाही ते चमत्कारिक वाटते. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळी अण्वस्त्रे नष्ट करण्याचा आराखडा ठेवला. आणि भेदभाव नसलेला करार आला की आपण तो पाळतो, हे रासायनिक शस्त्रांच्या बाबतीत सिद्ध झालेले आहे: साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्ट केला. मे १९९८ मध्ये, पोखरणच्या दुसऱ्या चाचण्यांनंतर आमच्या वसतिगृहात पेढे वाटले गेले आणि ते मीही खाल्ले, हेही इथे नोंदवलेले बरे. मी कुणी जन्मजात शांतिदूत नाही.

घरच्या चर्चेशी माझा मतभेद सुरू होतो तो इथून पुढे. आपण १९९६ ची आठवण अभिमानाने काढतो. सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या वाटाघाटी जिनीव्हात झाल्या, त्यांत भारत शेवटपर्यंत बसला, आणि भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी हा विषम करार भारताला आताही मान्य नाही आणि नंतरही होणार नाही, असे जगाच्या तोंडावर सांगितले. मतभेद असतील, पण तो नकार भरसभेत दिलेला होता. त्यामागे मसुद्यातल्या एकेका कलमावरचे भांडण होते. २०१७ मध्ये काय झाले? न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रबंदी कराराच्या वाटाघाटी झाल्या, १२२ देशांच्या मतांनी ७ जुलैला तो संमत झाला, आणि भारत सभागृहातच नव्हता. अण्वस्त्रांवर बंदी घालणारा, सर्वांना एकच नियम लावणारा, म्हणजे आपण चाळीस वर्षे ज्याची मागणी केली त्या जातीचा करार घडत असताना आपण आठही अन्य अण्वस्त्रधाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलो. नेदरलँड्स नाटोचा सदस्य आहे, त्याच्या भूमीवर अमेरिकी बाँब असल्याचे बोलले जाते, तरी तो त्या वाटाघाटींना गेला, बसला, आणि विरोधात एकमेव मत देऊन बाहेर पडला. नकार द्यायची ही खरी तर आपली रीत होती.

या गैरहजेरीचे अधिकृत कारण असे, की निःशस्त्रीकरणाची वाटाघाट जिनीव्हातल्या निःशस्त्रीकरण परिषदेतच व्हायला हवी, आणि नव्या करारात पडताळणीची, म्हणजे देश तो पाळतात की नाही हे तपासण्याची, धड सोय नाही. दुसरा आक्षेप योग्य आहे. त्या करारातली पडताळणी खरोखरच कच्ची आहे, आणि त्या विषयात दशकांचा अनुभव असलेल्या भारताने तिथे बसून ती सुधारायला हवी होती. पहिला आक्षेप मात्र मला टिकणारा वाटत नाही. जिनीव्हाच्या त्या परिषदेत पासष्ट सदस्य आहेत, प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने होतो, आणि १९९६ च्या चाचणीबंदी करारानंतर तिथून एकही करार बाहेर पडलेला नाही. स्फोटक अणुद्रव्याच्या उत्पादनावर बंदी घालण्याचा, भारताला तत्त्वतः मान्य असलेला विषय तिथे पाकिस्तानने वर्षानुवर्षे रोखून धरला आहे. जे दार उघडत नाही हे ठाऊक आहे, त्याच दारातून आम्ही येऊ असे सांगणे, याला मराठीत काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको.

विचित्र असे, की याच शहरात भारत आलेला मी पाहिला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये होफबुर्ग राजवाड्यात अण्वस्त्रांच्या मानवी परिणामांवर परिषद झाली, तेव्हा भारताचे शिष्टमंडळ हजर होते. त्याआधीच्या ऑस्लो आणि मेक्सिकोतल्या नायारितच्या परिषदांनाही होते. अण्वस्त्रबंदी करार ज्या विचारातून जन्मला त्याच्या तिन्ही बैठकांना आपण गेलो आणि विचाराचा करार व्हायची वेळ आली तेव्हा उठून आलो. जून २०२२ मध्ये त्या कराराच्या सदस्यांची पहिली बैठक व्हिएन्नातच भरली. सही न केलेले जर्मनी, नॉर्वे, नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऑस्ट्रेलिया निरीक्षक म्हणून आले. भारत आला नाही.

चाचणीबंदी कराराची गोष्टही अशीच आहे, आणि ती तर माझ्या रोजच्या वाटेवरची. डॅन्यूबपलीकडे संयुक्त राष्ट्रांच्या मनोऱ्यांमध्ये त्या कराराच्या पूर्वतयारी आयोगाचे कार्यालय आहे. भूकंपलहरी, समुद्रातले आवाज, कानाला न ऐकू येणाऱ्या हवेतल्या लहरी आणि हवेतले किरणोत्सारी कण टिपणारी ३३७ केंद्रे आणि प्रयोगशाळा त्याच्या आराखड्यात आहेत, आणि त्यांतली बहुतेक चालू आहेत. उत्तर कोरियाच्या २००६ ते २०१७ मधल्या सहाही चाचण्या या जाळ्याने टिपल्या. करार मात्र अजून लागू नाही, कारण ठरावीक ४४ देशांनी तो संमत केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि भारत, पाकिस्तान व उत्तर कोरिया यांनी त्यावर सहीच केलेली नाही. पाकिस्तान निदान निरीक्षक म्हणून आयोगात बसतो.

पुण्यातले मित्र यावर म्हणतात, अमेरिकेने आणि चीनने तरी कुठे संमत केला? खरे आहे, आणि रशियाने तर २०२३ मध्ये दिलेली संमती परत घेतली. पण ‘आताही नाही आणि नंतरही नाही’ हे भारताचे शेवटचे वाक्य नव्हते, हे आपल्या चर्चेतून गळून पडले आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयींनी संयुक्त राष्ट्रांत सांगितले होते, की चालू बोलणी यशस्वी झाल्यास हा करार भारतामुळे सप्टेंबर १९९९ च्या पुढे अडणार नाही. म्हणजे चाचण्या केल्यावर चार महिन्यांत, त्या करणारे पंतप्रधान सहीच्या उंबरठ्यापर्यंत गेले होते. पुढे ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकी सिनेटनेच करार फेटाळला आणि आपल्यावरचे दडपण आपोआप उतरले. मे १९९८ पासून आपण स्वेच्छेने चाचण्या थांबवल्या आहेत, २००८ ची सवलतही याच शब्दाच्या भरवशावर मिळाली आहे, आणि आता चाचणी केली तर अणुइंधनापासून व्यापारापर्यंत किती गोष्टी पणाला लागतील हे दिल्लीत सर्वांना कळते. १९९८ चा हायड्रोजन बाँब अपेक्षेइतका फुटला नाही, असा दावा त्या चाचण्यांत सहभागी असलेले शास्त्रज्ञ के. संथानम यांनी २००९ मध्ये केला आणि अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी तो खोडून काढला. काकोडकरांचे म्हणणे सरकारला मान्य असेल, तर पुन्हा चाचणीची गरज उरत नाही. ती उरत नसेल, तर निरीक्षकाच्या खुर्चीत बसायला काय अडचण आहे, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

अलीकडे मात्र घरच्या चर्चेचा सूर वेगळाच लागतो. अण्वस्त्रांचा आधी वापर न करण्याचे धोरण, जे ४ जानेवारी २००३ च्या निवेदनाने अधिकृत झाले, ते आता दुबळेपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. मनोहर पर्रीकरांनी २०१६ मध्ये, वैयक्तिक मत म्हणून, आपण स्वतःला का बांधून घ्यायचे असा प्रश्न केला होता. राजनाथसिंहांनी ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरणलाच जाऊन पुढचे परिस्थितीवर अवलंबून राहील असे सूचित केले. मे २०२५ च्या संघर्षानंतर तर शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात या विषयावर वादच उरला नाही. इथे बसून मला उलटे दिसते. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे ६०० अण्वस्त्रे आहेत. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या शेवटच्या मोठ्या शस्त्रमर्यादा कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. अशा जगात आकड्यांच्या शर्यतीत भारत कधीच पहिला येणार नाही. पाश्चात्त्य अण्वस्त्रधाऱ्यांनी न दिलेले वचन आपण दिले आहे, आणि या शहरात भारताविषयी कुणी आदराने बोलले तर ते त्या वचनामुळे बोलते. ते गमावून मिळणार काय, तर जे पाकिस्तानकडे आधीपासून आहे, ते.

शेजारीणबाईंना मी मागच्या हिवाळ्यात एक गोष्ट सांगितली, जी त्यांना खोटी वाटली. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या वर्षानंतरही दिली, बालाकोटनंतरही दिली. २००५ पासून बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करण्यापूर्वी एकमेकांना कळवण्याचाही करार आहे. तो क्रूझ क्षेपणास्त्रांना लागू नाही, आणि ९ मार्च २०२२ रोजी भारताकडून चुकून सुटलेले ब्रह्मोस पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले ते क्रूझ क्षेपणास्त्र होते. करारातली ही फट बुजवण्यासाठी जिनीव्हा लागत नाही, न्यूयॉर्क लागत नाही आणि अमेरिकेची संमतीही लागत नाही. मित्रांच्या गटात मी हे लिहिले तेव्हा एकाने पसंतीच्या अंगठ्याचे चिन्ह टाकले, आणि चर्चा पुन्हा क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याकडे वळली.