ऑस्कर 'टाकीएवढाच' वाढत नाही

कोल्हापुरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न पिल्लं असतानाच एकत्र सोडा, भांडत नाहीत, मासा टाकीएवढाच वाढतो, दोन फुटी पुरे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

दुकानात दोन इंचाचा दिसणारा ऑस्कर पुढे फूटभर होतो. २ × १ × १ फुटाच्या टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी. तिथं त्याची वाढ खुंटते ती टाकीचं माप बघून नव्हे, तर कोंडल्यामुळे आणि साचलेल्या घाणीमुळे. असा मासा फार जगत नाही. एकट्या ऑस्करलाही चार फुटी, २५० लिटरच्या आसपासची टाकी लागते.

लहानपणची ओळख वयात येईपर्यंतच. माझ्याकडचे दोन ऑस्कर आठ महिने गुण्यागोविंदानं नांदले. मग एका सकाळी बघतो तर एकाचं शेपूट फाटलेलं, तो हीटरमागं दबून उभा, आणि दुसऱ्यानं कोपऱ्यातली वाळू काचेपर्यंत उकरलेली. फ्लॉवरहॉर्न तर त्याहून तिखट. माणसानं संकर करून काढलेला मासा. त्याला एकटाच ठेवा.

ऑस्करला सोबत हवीच तर टाकी आणखी मोठी घ्या आणि पाच-सहा वाढलेले सिल्व्हर डॉलर मासे सोडा. निऑन टेट्रासारखा चिमुकला मासा नको. तोंडात मावेल तो सोबती नव्हे, नाश्ता! नवा मासा सोडताना दगड-लाकडाची जागा बदलायची, म्हणजे जुन्याची हद्द मोडते.

आणि आवरेना झाला म्हणून रंकाळा तलावात सोडू नका. दुकानदार परत घेतो का, विचारा.