झिकाची सूचना नवऱ्यांनाही द्या

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा धूरफवारणी झाली, साठवलेल्या पाण्यातल्या अळ्या शोधल्या गेल्या आणि गर्भवतींचे रक्तनमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. हे सगळे योग्यच होते, कारण झिका मुख्यतः एडिस डासामुळेच पसरतो. मात्र तो शरीरसंबंधातूनही पसरतो, ही गोष्ट आपल्याकडे इतक्या हळू आवाजात सांगितली जाते की ती ज्याने ऐकायला हवी त्या पुरुषापर्यंत पोहोचतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही काही नवी माहिती नाही. २००८ मध्ये ब्रायन फॉय हे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ सेनेगलमध्ये डासांवर काम करून कोलोराडोला परतले आणि आजारी पडले. पाठोपाठ त्यांची पत्नीही आजारी पडली. ती आफ्रिकेत गेलेली नव्हती, घरातली मुले ठणठणीत होती आणि झिका पसरवणारे डास त्या भागात नव्हते. हा आजार झिकाच होता, हे त्यांनी २०११ मध्ये शोधनिबंधातून मांडले. तरीही २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर करेपर्यंत या मार्गाकडे जगाने फारसे गांभीर्याने पाहिले नाही.

अडचण अशी की झिका झालेल्या बहुतेकांना लक्षणेच जाणवत नाहीत, आणि रक्तातून विषाणू गेल्यानंतरही तो वीर्यात टिकून राहू शकतो. अमेरिकेत बाधित पुरुषांच्या एका अभ्यासात विषाणूचे जनुकीय अंश एका पुरुषाच्या वीर्यात तब्बल २८१ दिवसांनी आढळले; संसर्ग करू शकणारा जिवंत विषाणू मात्र पहिल्या ३० दिवसांतल्या मोजक्याच नमुन्यांत मिळाला. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण बाधित पुरुषाने तीन महिने निरोध वापरावा आणि पत्नी गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत वापरावा किंवा संबंध टाळावा, हा सल्ला याच निरीक्षणांवर उभा आहे. गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका लक्षात घेता ही फार मोठी मागणी नव्हे.

आपल्याला हे जमत नाही, असेही नाही. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला रुग्ण आढळला, तेव्हा आरोग्य यंत्रणेने गावात निरोध वाटले आणि काही काळ गर्भधारणा टाळण्यास सांगितले. जे खेड्यात उघडपणे बोलता आले, ते शहरातल्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहायला संकोच का वाटावा? (तिथे पाळीव कुत्र्यांबद्दल मात्र पानभर मजकूर असतो.)

गर्भवतीच्या तपासणीला नवरा सोबत येतो, पण बहुधा बाहेरच्या बाकावर बसून राहतो. झिकाचा उद्रेक असताना तरी डॉक्टरांनी त्याला आत बोलवावे, नुकताच ताप किंवा अंगावर पुरळ आले होते का हे विचारावे आणि त्याचे उत्तर नाही असे आले तरीही निरोधाचा सल्ला त्यालाच थेट द्यावा.