साहेबाच्या देशात वशिला नसतो म्हणे!

"इंग्लंडमध्ये वशिला चालत नाही, आरोप झाला की मंत्री त्याच दिवशी राजीनामा देतो, आणि खाल्लेला पैसा कोर्ट पै न् पै वसूल करतं." हा फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. एक मान्य, की तिथे साध्या माणसाला लायसन्ससाठी किंवा ट्रॅफिक पोलिसाला चिरीमिरी द्यावी लागत नाही. पण वरच्या मजल्यावरचं बोलूया.

वशिला चालत नाही? अहो कोविडमध्ये पीपीई किटच्या खरेदीत वशिल्याची वेगळी रांगच होती, खुद्द सरकारने लावलेली! मंत्री, खासदार, लॉर्ड लोकांच्या ओळखीतून आलेल्या कंपन्या व्हीआयपी लेनमध्ये, बाकी हजारो जण साध्या रांगेत. त्यांच्याच नॅशनल ऑडिट ऑफिसने २०२० मध्ये सांगितलं की व्हीआयपीतल्या साधारण दहात एकाला कंत्राट मिळालं आणि साध्या रांगेत शंभरात एकालाही नाही. २०२२ मध्ये हायकोर्टाने ही रांग बेकायदेशीर ठरवली.

त्याच दिवशी राजीनामा? रॉबर्ट जेनरिक बघा. हे गृहनिर्माण मंत्री, नोव्हेंबर २०१९ मध्ये टोरी (म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह) पार्टीच्या फंडरेझिंग डिनरला बिल्डर रिचर्ड डेसमंडच्या टेबलावर, आणि तो मोबाईलवर आपल्या लंडनमधल्या वेस्टफेरी प्रोजेक्टचा व्हिडिओ दाखवतोय. पुढे डेसमंडचा साहेबांना मेसेज काय, तर या मार्क्सवाद्यांना फुकटचा पैसा द्यायचा नाही, म्हणजे तिथल्या पालिकेला, टॉवर हॅमलेट्स कौन्सिलला. जानेवारीत साहेबांनी प्लॅनिंग इन्स्पेक्टरची नकाराची शिफारस डावलून परवानगी दिली, ती पण कौन्सिलचा नवीन कर लागू व्हायच्या बरोब्बर आदल्या दिवशी, बिल्डरचे चार-पाच कोटी पौंड वाचले असते. मग दोन आठवड्यांत त्याच्याकडून पार्टीला १२,००० पौंड. गैर काही केलं नाही असंच साहेब म्हणत राहिले, पण प्रकरण कोर्टात गेल्यावर पक्षपात दिसतो म्हणून निर्णय बेकायदेशीर हे कबूल करावं लागलं आणि परवानगी रद्द झाली. खुर्ची? सप्टेंबर २०२१ पर्यंत शाबूत.

टोरी खासदार ओवेन पॅटरसन यांनी राजीनामा दिला हे खरंय. कंपन्यांकडून पैसे घेऊन लॉबिंग केलं म्हणून ३० दिवस निलंबनाची शिफारस होती, तर जॉन्सन सरकारने व्हिप काढून नियमच बदलायला घेतला, बोंबाबोंब झाल्यावर दुसऱ्या दिवशी सरकारने अंग काढून घेतलं, तेव्हा कुठे राजीनामा आला.

आता पै न् पै वसुली. पीपीई मेडप्रो नावाच्या कंपनीचं नाव टोरींतर्फे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेलेल्या लेडी मिशेल मोन यांनी पुढे केलं होतं, आपला संबंध नाही असं त्या प्रेसला सांगत राहिल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये टीव्हीवर कबूल केलं की खोटं बोलले (गैरव्यवहार केला हे मात्र त्या नाकारतात). ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने गाऊनचे जवळपास १२.२ कोटी पौंड परत करायला सांगितले, आणि निकालाच्या आदल्याच दिवशी कंपनीने प्रशासक नेमायची नोटीस दिलेली, म्हणजे दिवाळखोरीच्या वाटेवर. करा वसूल!

"ते टोरी होते, लेबरवाले स्वच्छ आहेत" असं म्हणणाऱ्यांसाठी, २०२४ मध्ये पंतप्रधान झालेल्या लेबरच्या स्टार्मर यांचे कपडे आणि चष्मे पक्षाचे देणगीदार लॉर्ड अली यांच्या पैशातून आले होते. सगळं नियमात बसतं म्हणे, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान झाल्यावर मिळालेल्या दुसऱ्या, सहा हजार पौंडांहून जास्त किमतीच्या भेटवस्तूंचे (शोची तिकिटं वगैरे) पैसे भरून का टाकले?