‘कटकट आवाज आला म्हणजे सेल्फ जळाला’: बोटीच्या इंजिनाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज मोबाइलवर फिरायला लागतो. यंदा मला तो चार जणांनी पाठवला. जुन्या बोटीचं ओबीएम, म्हणजे मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, सेल्फवर (चावीने इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरवर) सुरू होत नसेल तर मेकॅनिककडे जायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं, आणि खाली सहा उपाय. कटकट आवाज आला की सेल्फ जळाला, नवा बसवा. बॅटरी 12 व्होल्ट दाखवते म्हणजे ती ठीक आहे. घाई असेल तर सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाका. बेंडिक्समध्ये, म्हणजे सेल्फच्या दातेरी गिअरमध्ये, ग्रीस भरा. तरीही फिरत नसेल तर दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट द्या. आणि शेवटी, सेल्फ गेला तरी घाबरू नका, दोरी आहेच.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सेल्फ आणि डायनामोची कामं करतो. आधी ट्रक-ट्रॅक्टरचीच करायचो, 2019 च्या पुरानंतर गावोगावच्या बोटींची इंजिनंही यायला लागली. त्या वर्षी आणि पुन्हा 2021 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. 43 फूट ही धोका पातळी, यावरून अंदाज करा. तेव्हा चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ-नृसिंहवाडीपर्यंत बोटी घेऊन पोरं पाण्यात उतरली. हा मेसेज आज त्याच पोरांच्या मोबाइलवर आहे. म्हणून उत्तर देतोय.

पहिला मुद्दा सगळ्यात महागात पडणारा आहे. कटकट आवाज सेल्फचा नसतोच, तो सोलेनॉइडचा असतो. चावी फिरवली की सोलेनॉइड आतला पत्रा ओढून सेल्फला करंट जोडतो. सेल्फ एकदम शंभर-दीडशे अँपिअर मागतो. बॅटरी कमजोर असेल किंवा वाटेत कुठे सांधा खराब असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटला की भार जातो, व्होल्टेज परत चढतं, तो पुन्हा ओढतो. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं, तीच कटकट. म्हणजे हा आवाज आला तर उलट सेल्फ बरा असण्याची शक्यता जास्त. करंट त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

गेल्या मे महिन्यात एका गावाची बोट आली. जुनं 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. पोरांनी मेसेज वाचून वर्गणी काढली, नवा सेल्फ आणून बसवला, तरी कटकट तशीच. मी व्होल्ट मोजायच्या मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवली, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि चावी मारायला सांगितली. दोन्ही टोकं अर्थिंगचीच, तिथे फार तर पाव-अर्धा व्होल्ट दिसायला हवा. काटा सहा-सातपर्यंत उड्या मारत होता. निम्म्याहून जास्त व्होल्टेज त्या एका काळ्या केबलमध्येच मरत होतं. बाहेरून केबल नवीकोरी दिसत होती. थिंबलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीजवळ, ब्लेडने रबर कापलं तर आत तांब्याच्या तारा करपलेल्या भाकरीसारख्या काळ्या, आणि बोटांत चुरडल्यावर हिरवी भुकटी. थिंबलमधून आत गेलेलं पाणी तारेतून वीतभर वर चढलं होतं. केबल कापून बदलली, ब्लॉकवरचा बोल्ट घासून चकचकीत केला, आणि त्यांचा जुना सेल्फ परत चढवला. पहिल्याच चावीला इंजिन फिरलं. नवा सेल्फ परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. माझा राग त्या मेसेजवर आहे तो यामुळे. ते पैसे लाइफ जॅकेटचे होते.

हीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूलाही करा. एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर, चावी मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत. सळई खुंटीवर ठेवायची, क्लॅम्पवर नाही. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला पांढरा थरच पुष्कळदा चोर असतो.

बॅटरीचं म्हणाल तर स्वस्थ बसलेली 12 व्होल्ट दाखवणारी बॅटरी ठीक नसते, ती जवळपास रिकामी असते. भरलेली असेल तर 12.6 ते 12.7 दाखवते. पण खरी परीक्षा चावी मारताना. खुंट्यांवर साडेनऊच्या खाली गेली तर आधी चार्ज करा, मग बाकीचं बोलू.

आवाजच येत नसेल तर फ्यूज आणि न्यूट्रल स्विच (गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू न देणारा) बघा, लिव्हर नीट न्यूट्रलला आहे का बघा. आणि या सगळ्याच्या आधी, चावी काढून, लिव्हर न्यूट्रलला ठेवून फ्लायव्हील (इंजिनाच्या वरचं जड चाक) हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा. इंजिन जाम असेल तर कुठलाच सेल्फ ते फिरवणार नाही. बुडून निघालेलं इंजिन असेल तर प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारूच नका. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, रॉड वाकतो. प्लग काढले की त्यांच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा.

आता स्क्रूड्रायव्हर. हा उपाय मला मेसेजमधून पुसून टाकायचा आहे. बोटीच्या इंजिनाचं झाकण काढल्यावर आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि तुम्ही त्याच्यावर वाकून ठिणगी पाडता. ट्रॅक्टरला हे करणारे खूप आहेत, पण तिथे डिझेल असतं आणि जागा मोकळी असते. दुसरं म्हणजे न्यूट्रल स्विच मधून वगळला जातो. लिव्हर गिअरमध्ये राहिली असेल तर इंजिन धरताच बोट पुढे झेपावते, आणि पुरात बोटीच्या मागे कमरेएवढ्या पाण्यात बहुधा कोणीतरी उभं असतं. पंखा तिथेच आहे.

सोलेनॉइडच तपासायचा असेल तर ठिणगी न पाडता होतं. मीटरच्या सळया दोन मोठ्या बोल्टांवर ठेवा. चावी न मारता साधारण बॅटरीएवढं व्होल्टेज दिसेल. चावी मारल्यावर एकच ठाम ‘टक’ येऊन आकडा शून्याजवळ गेला तर सोलेनॉइड चांगला. टक येऊनही आकडा बाराच राहिला तर आतले पॉइंट जळालेत, फक्त सोलेनॉइड बदला. आणि सेल्फच्या बोल्टवर पुरेसं व्होल्टेज पोचतंय, अर्थ ठीक आहे, इंजिन मोकळं आहे, तरी सेल्फ ढिम्म, तर मग खुशाल सेल्फ खोला. तेव्हाही बहुतेक वेळा कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेले किंवा अडकलेले असतात. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, बारीक पॉलिश पेपरने साफ करा. एमरी नको, तिचे कण करंट वाहतात आणि खाचेत बसतात.

ग्रीसबद्दल थोडक्यात. बोटीच्या सेल्फचा बेंडिक्स उभ्या दांड्यावर बसतो. सेल्फ झटक्यात फिरला की दातेरी गिअर आट्यांवरून वर चढून फ्लायव्हीलला भिडतो. त्या आट्यांत ग्रीस भरलं की पंचगंगेचा गाळ त्यात बसून लगदा होतो आणि गिअर खालीच चिकटतो. मग सेल्फ भर्रकन फिरतो आणि इंजिन जागचं हलत नाही. रॉकेलने धुवा, कोरडं करा, पातळ तेलाचा हात फिरवा, बास.

24 व्होल्टने सेल्फ एखादवेळी फिरेलही. पण तेच व्होल्टेज रेक्टिफायर, मीटर, रिले सगळीकडे जातं, आणि दुप्पट जोराने आपटलेला गिअर फ्लायव्हीलचे दात उडवतो. दुसरी बॅटरी लावायचीच असेल तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मग दोन मिनिटं थांबा. अंगणात इंजिन सुरू करून बघणार असाल तर खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवा. कोरड्यात पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा काही सेकंदांत जळायला लागतो.

दोरीचा मुद्दा मात्र खरा आहे, फक्त अर्धा सांगितलाय. कित्येक इंजिनांना ओढायची दोरी असते. ज्यांना नसते त्या जुन्या इंजिनांच्या फ्लायव्हीलला बहुधा वर खाच असते. दोरीच्या टोकाला गाठ मारून ती खाचेत अडकवायची, घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची आणि झटक्यात ओढायची. पण इथे न्यूट्रल स्विच तुम्हाला वाचवत नाही, लिव्हर स्वतः बघायची. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला हवी. इंजिन सुरू झाल्यावर फ्लायव्हील उघडं फिरत असतं, रेनकोटची बाही आणि गळ्यातला टॉवेल त्यापासून लांब ठेवा, आणि चालत्या इंजिनावर झाकण बसवायला जाऊ नका.

त्या गावच्या बोटीत ही दोरी नव्हतीच. पोरांनी माझ्या दुकानासमोरच नवी घेतली, एका टोकाला गाठ आणि दुसऱ्याला लाकडाची मूठ बांधली, प्रत्येकाने तीन-तीनदा इंजिन ओढून बघितलं, आणि मग ती झाकणाच्या आत पट्ट्याने बांधून ठेवली.